नऊ जणांपर्यंत

छतातून धप्प असा आवाज आला तेव्हा जेगुन आपल्या बंद जिममध्ये कोट न काढता बाकावर बसला होता. बसायचं तसं काही कारण नव्हतं. डिसेंबर लागला तसा साथीमुळे सरकारी हुकूम निघाला आणि जिम बंद झाली, त्यालाही आता महिना उलटला होता; तरी तो रोज सकाळी येऊन कुलूप काढायचा, दिवे लावायचा, ट्रेडमिलच्या पट्ट्यांवरून फडकं फिरवायचा आणि मग हीटर न लावता, तोंडातून वाफ सोडत, नुसता बसून राहायचा. घरी बसलं की बायको कामावर जाताना दिसते, इथं निदान कुणी दिसत नाही. एक धप्प झालं, मग बराच वेळ काही नाही. वरती कुणी काही पाडलं असेल असं त्याला वाटतंय तोवर एकदम पुष्कळ पावलं या टोकाकडून त्या टोकाकडे धावत गेली, ट्यूबलाइट थरथरली आणि पाठोपाठ लहान गळ्यांतून एका सुरात आकडे आले. एक, दोन, तीन. मास्कमधून आल्यामुळे कडा झिजलेले, मऊ आकडे. तिसऱ्या मजल्यावरचा तायक्वांदोचा वर्ग सुरू झाला होता. जेगुननं मान वर केली नाही. त्याचा हात मात्र शेजारच्या लोखंडी डंबेलवर गेला, आणि ते इतकं गार होतं की चटका बसल्यासारखा त्यानं तो मागे घेतला.

बातमी त्याला आदल्या रात्रीच कळली होती. टीव्हीवर आरोग्य खात्याची बाई संथ आवाजात सांगत होती, की मुलांचे छोटे वर्ग, एका वेळी नऊ जणांपर्यंत असतील तर, उघडता येतील. आईबापांना कामावर जायचं असतं, मुलांना कुठेतरी ठेवायला हवं. तायक्वांदो हा वर्ग. जिम ही बंदिस्त जागेतली व्यायामशाळा, ती बंदच. ऐकताना त्याला ते पटलंही होतं. पण टीव्हीवर ऐकणं वेगळं आणि डोक्यावर ऐकणं वेगळं. म्हणजे हा विषाणू जिना चढत दुसऱ्या मजल्यापर्यंत येतो, दमतो, आणि तिसऱ्यावर जात नाही, असा एक विचार त्याच्या मनात आला. विनोद म्हणून आला, पण हसू काही आलं नाही. आणि पहिल्या मजल्यावर तर तो थांबतच नाही. पहिल्या मजल्यावर, म्हणजे रस्त्याशीच, तळलेल्या कोंबडीचं दुकान होतं. तिथली काकू दिवसभर कढईसमोर उभी असे आणि मोटारसायकली दारात रांगा लावून असत. साथीनं तिचा धंदा दुप्पट केला होता. एकाच इमारतीत, एकाच जिन्यावर, खाली एकीचं भरून वाहतंय, वर एकाचं पुन्हा सुरू झालंय, आणि मधल्या मजल्यावर आपण. सँडविचमधल्या काकडीसारखे, त्याला वाटलं. मग त्या उपमेचीही त्याला लाज वाटली.

वरचा दोकसू त्याचा कॉलेजपासूनचा मित्र. म्हणजे दोन वर्षांनी धाकटा, म्हणून जेगुनला तो ‘दादा’ म्हणायचा. क्रीडा महाविद्यालयात जेगुन वजनं उचलायचा आणि दोकसू प्रात्यक्षिकं करणाऱ्या तुकडीत हवेत उडी मारून फळ्या फोडायचा. लोक टाळ्या वाजवायचे त्या दोकसूला. वजन उचललं की लोक श्वास रोखतात, टाळी नंतर वाजते, आणि तीसुद्धा सुटल्यासारखी. हे तेव्हा जेगुनला कधी टोचलं नव्हतं, निदान टोचल्याचं आठवत नव्हतं. उलट तिसरा मजला रिकामा झाल्याचं दोकसूला त्यानंच कळवलं होतं. घरमालकाकडे शब्द टाकला होता. गाद्या वर चढवताना सगळ्यात जड टोक त्यानं धरलं होतं. आता बाकावर बसून तो त्या सगळ्या दिवसांकडे मागे वळून बघत होता, आणि प्रत्येक दिवसात त्याला आपला हात काहीतरी देताना दिसत होता आणि दोकसूचा हात घेताना. तसं ते नव्हतं. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दोकसूनं दोन महिने त्याची जिम सांभाळली होती. पण ती आठवण बोलावल्याशिवाय येत नव्हती. बाकीच्या न बोलावता येत होत्या.

दुपारी तो खाली निघाला तेव्हा दोकसू जिन्यात भेटला. हातात जंतुनाशकाचा डबा, कपाळावर घाम. जेगुनला आधी तो घाम दिसला. कितीतरी दिवसांत आपल्याला घाम आला नाही, असं वाटलं.

“दादा, खाली फार आवाज येतो का? अजून एक थर टाकतो गाद्यांचा.”

“येऊ दे की. पोरं आहेत.”

“तुमचंही उघडतील हो. पुढच्या आठवड्यात नक्की.”

“उघडतील.”

“काकूंकडून कोंबडी मागवू का? बसू थोडं वरती.”

“मला पोचवायचीय कोंबडी,” जेगुन म्हणाला. “खायची नाही.”

हे खरं होतं. तीन वाजल्यापासून तो काकूंच्या दुकानाचे डबे घरोघर पोचवायचा. त्याच्या देहाखाली ती स्कूटर खेळण्यातल्यासारखी दिसायची आणि काकू दारात उभी राहून म्हणायची, “पैलवान, जपून हां. गाडी मोडली तर चालेल, कोंबडीबरोबरचा आंबट मुळा सांडू नका.” एखादं दार उघडलं की समोर त्याच्याच जिमचा जुना सभासद असायचा. दोघं मास्कमागे ओळख लपवायचे. एकदा एकाच्या दारातून त्याला आतल्या खोलीत नवे कोरे डंबेल दिसले होते, खिडकीशी मांडून ठेवलेले, आणि कोंबडीचा डबा हातात धरून तो त्या डंबेलांकडे असा बघत राहिला होता, जशी बायको दुसऱ्याच्या घरात दिसावी. हेवा म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे असं त्याला आजवर वाटायचं. ज्याच्याकडे जास्त आहे त्याचा हेवा. मोठी गाडी, उंच इमारतीतलं घर. पण हा निराळाच होता. कालपर्यंत आपल्याकडे होतं तेवढंच ज्याच्याकडे आजही आहे, त्याचा हा हेवा होता, आणि म्हणून तो कुठंही उगवायचा: बसचालकाचा, दातांच्या डॉक्टरचा, मास्क विकणाऱ्या म्हाताऱ्याचा. रस्त्यावरून चालताना दिवे लागलेल्या प्रत्येक दुकानाचा.

आणि नियम चूक आहेत असं म्हणायचीही सोय नव्हती. त्याची आई शहराबाहेरच्या वृद्धांच्या इस्पितळात होती. डिसेंबरात तिच्या मजल्यावर साथ शिरली, अख्खा मजला आतून बंद केला गेला, आणि तिच्या शेजारच्या दोन खाटा रिकाम्या झाल्या. तिला काही झालं नाही. परिचारिकेनं फोन तिच्या चेहऱ्यासमोर धरला तेव्हा ती म्हणाली, “इकडे येऊ नकोस. तुझं ते घामाचं दुकान बंद ठेव.” तिच्यासाठी त्याला दुकान बंद ठेवायला आवडलं असतं. मनापासून. फक्त सगळ्यांचंच बंद असायला हवं होतं. सगळं शहर काळोखात असतं तर तो काळोखात खुशाल बसला असता. एकाच्या खिडकीत दिवा दिसला की काळोखाला वजन येतं.

त्याच आठवड्यात नियम पुन्हा बदलला. जिमवाल्यांनी ठिकठिकाणी निषेध म्हणून रिकाम्या जागांत दिवे लावले, आरडाओरडा केला, तेव्हा सरकारनं सांगितलं की ठीक आहे, व्यायामशाळाही उघडा, पण फक्त मुलांसाठी, नऊ जणांपर्यंत. रात्री जेवताना जेगुननं हे मिरानला वाचून दाखवलं. मिरान पार्सलांच्या गोदामात कामाला लागली होती. तिची बोटं पुठ्ठ्यानं चिरली होती आणि ती जेवायच्या काड्या जरा वेगळ्या धरायची.

“मुलं,” जेगुन म्हणाला. “माझ्या जिममध्ये. कुणाचं पोर शंभर किलो उचलायला येणार आहे?”

“बोराम येईल की,” मिरान म्हणाली. “दिवसभर एकटी घरात असते. सुट्टीत नुसती फोन घेऊन पडलेली. नाहीतर तिला वर पाठवू या. दोकसूभावजी म्हणत होते, पाठवा म्हणून.”

“कधी म्हणाला?”

“जिन्यात भेटले तेव्हा. फी नको म्हणाले.”

जेगुननं काड्या खाली ठेवल्या. नऊ वर्षांची बोराम आईकडे बघत होती, मग बापाकडे. तिच्या चेहऱ्यावर एक आशा अशी उघडी पडली होती, की ती बघवेना.

“नको,” तो म्हणाला.

“का पण?”

“नको म्हटलं ना. फुकटचं नको आणि तिथली गर्दी नको. आईच्या इस्पितळात काय झालं विसरलीस?”

“आईंचं नाव मधे कशाला घेतोस,” मिरान म्हणाली, आणि उठून भांडी घासायला लागली.

पाण्याच्या आवाजात तो बसून राहिला. कायद्यानं आता त्याच्या जिममध्ये येऊ शकेल अशी जगात एकच व्यक्ती त्याच्या ओळखीची होती, ती समोर बसून मुळ्याचा तुकडा काड्यांनी उगाच फिरवत होती, आणि तिला जायचं होतं वर.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी चारच्या सुमाराला काकूंची कढई उशिरा तापली. “दहा मिनिटं लागतील, पैलवान,” ती म्हणाली. हातमोजे जिममध्ये राहिले होते म्हणून जेगुन जिना चढला. दुसऱ्या मजल्याशी आला आणि वरून आकडे मोजण्याचा आवाज आला, आणि पाय त्याला न विचारता तिसऱ्या मजल्याकडे वळले. वर्गाच्या बंद दारापाशी भिंतीला लागून बुटांची रांग होती. बर्फाच्या पाण्यानं ओले झालेले छोटे छोटे बूट, काही नीट जोडीनं, काही उलटे पडलेले, घाईनं काढलेले. त्यांना वास होता: ओल्या लोकरीचा, मुलांच्या पायांचा, उकडलेल्या रताळ्यासारखा. त्याच्याकडे संध्याकाळी असेच बूट असायचे, मोठ्यांचे. एक जोड अगदी नवा होता. पिवळा, आतून पांढरी लोकर, टाचेवर अजून दुकानाचा चिकट कागद. असल्या दिवसांत पोरीला नवे बूट घेणारा हा कोण बाप, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या कधी न पाहिलेल्या बापाचाही त्याला हेवा वाटला. मग त्यानं जोड मोजले. दहा होते. पुन्हा मोजले. दहा.

फोन हातात कधी आला हे त्याला समजलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. समजलं. त्यानं मास्क नीट केला, हात वर धरून सगळी रांग चौकटीत येईल असं बघितलं, आणि फोटो काढला. नागरिकांनी नियमभंग कळवावा म्हणून सरकारनं एक सोय केली होती. पत्ता टाकायचा, फोटो जोडायचा. तो आपल्या जिममध्ये उभा राहून बटणं दाबत होता आणि मनात आईला सांगत होता, की हे तुझ्यासाठी. शेजारच्या त्या दोन खाटांसाठी. नऊ म्हणजे नऊ. आणि हे सांगत असतानाच, त्याच्या खाली, अगदी तळाशी, एक गोड, ऊबदार, बऱ्याच दिवसांत न आलेली भावना पसरत होती, जशी बाहेरच्या थंडीतून घरात शिरल्यावर पायाखालची तापवलेली जमीन लागते. आभाराचा संदेश लगेच आला. हातमोजे घालून तो खाली गेला. “झाली का हो?” त्यानं विचारलं. “पैलवान, आज खुशीत दिसताय,” काकू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो घरी आला तेव्हा मिरान स्वयंपाकघरात पाठ करून उभी होती आणि बोराम टेबलाशी. दारात, चपलांच्या कपाटाबाहेर, पिवळे बूट होते. आतून पांढरी लोकर. जेगुन एका पायात बूट आणि एक पाय मोकळा असा तिथंच थांबला.

“परवा घेतले,” मिरान न वळता म्हणाली. “पहिल्या पगारातून. तुला दाखवायचे राहिले.” आणि मग, “मी तिला वर पाठवत होते. आठवडा झाला. तू नको म्हणालास तरी. काय बोलायचं ते मला बोल, तिला नको.”

बोरामला बोलायचं होतं. ती केव्हाची साठवून बसल्यासारखी सांगत सुटली. एक बाई आणि एक काका आले, गळ्यात ओळखपत्रं होती. त्यांनी सगळ्यांना भिंतीशी उभं केलं आणि मोजलं. मग बाईनं पुन्हा मोजलं. सर म्हणाले की नऊच आहेत, ही दहावी माझीच मुलगी, घरी कुणी नाही म्हणून इथं बसलीय.

“म्हणजे तुला म्हणाले?” मिराननं विचारलं.

“हो. मग ती बाई खाली वाकली आणि मला म्हणाली, हे तुझे बाबा का गं?”

“मग?”

“मी हो म्हटलं,” बोराम म्हणाली. तिच्या आवाजात वर्गात बरोबर उत्तर दिल्याचा अभिमान होता. “लगेच म्हटलं. अडखळले पण नाही. पण तरी त्यांनी दहाच लिहिलं. माझ्या अंगात वर्गाचे कपडे होते म्हणून.”

जेगुननं दुसरा बूट काढला. तो इतक्या सावकाश काढला की नाडीचं एकेक टोक त्याला वेगळं कळलं. मी हो म्हटलं. ते वाक्य त्याच्या कानातून आत गेलं आणि कुठंतरी जाऊन बसलं, आणि मग प्रत्येक श्वासाबरोबर हलायला लागलं. लगेच म्हटलं. अडखळले पण नाही. त्याला स्वतःचा राग यायला हवा होता. येत होताही, पण तो दुरून, दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा. जवळ होतं ते निराळंच. दोकसूच्या तोंडातून ते इतक्या सहज कसं आलं, ‘माझीच मुलगी’? लग्न मोडल्यापासून एकटा राहणारा माणूस, त्यानं मनात कधी म्हणून बघितलं असेल का? आणि पोरीला तरी क्षणभर काही वाटलं असेल का, बरं वाटलं असेल का, ज्याच्याकडे दिवे आहेत, घाम आहे, आकडे आहेत असा बाप क्षणभर मिळाला म्हणून? आपणच बाण मारला आणि तो फिरून आपल्याच घरात आला, हे त्याला दिसत होतं. तरी रक्त निघालं ते हेव्याचंच.

“कुणी कळवलं असेल?” मिरान म्हणाली. “दहा दिवस बंद ठेवायला सांगितलंय. वर दंड. आईबाप मुलं काढून घ्यायला लागलेत, तिथं गर्दी करतात म्हणून.”

“लोकांना उद्योग नाहीत,” जेगुन म्हणाला.

त्यानंतरच्या सोमवारी जिमला परवानगी मिळाली. सगळ्यांसाठी, रात्री नऊपर्यंत, ठरावीक अंतर ठेवून. सकाळी त्यानं हीटर लावला, दारं उघडली, आणि हळूहळू माणसं आली: लाजत, पोटं सुटलेली, मास्कमधून धापा टाकत. लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज झाला तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यानं, सवयीनं, कान वर लावले. वर काहीच नव्हतं. तो हा दिवस महिनाभर मनात रंगवत आला होता, आणि त्या रंगवलेल्या दिवसात, आता त्याच्या लक्षात आलं, वरचा आवाज कायम होता.

दुपारी दोकसू आला. काउंटरवर उभा राहून त्यानं इतरांसारखं नाव लिहिलं, ताप मोजून घेतला, महिन्याचे पैसे ठेवले.

“हे काय?” जेगुन म्हणाला. “उचल ते.”

“राहू द्या, दादा. दहा दिवस मोकळा आहे. म्हटलं अंग हलवावं.”

तो कोपऱ्यातल्या बाकावर आडवा झाला आणि दांडा उचलायला लागला. झेपेल त्याहून जास्त वजन लावलं होतं त्यानं. जेगुन त्याच्या डोक्यापाशी जाऊन उभा राहिला, दांड्याखाली हात धरून, जसा तो कुणाच्याही मागे उभा राहायचा. वरून त्याला दोकसूचा चेहरा उलटा दिसत होता. कपाळ खाली, हनुवटी वर, मानेच्या शिरा ताणलेल्या. उलटा चेहरा कुणाचाच वाटत नाही. त्यामुळे बोलता आलं असेल.

“फोटो मी पाठवला,” तो म्हणाला.

दांडा वर गेला, थांबला, खाली आला, पुन्हा वर गेला. दोकसूनं तो बाकाच्या खुंट्यांवर ठेवला आणि छताकडे बघत पडून राहिला.

“माहीत आहे,” तो म्हणाला. “त्यांनी मला दाखवला ना. पुरावा म्हणून. बूट अगदी वरून दिसत होते. काकूंनी काढला असता तर कमरेच्या उंचीवरून काढला असता. या इमारतीत एवढा उंच दुसरा कोण आहे?”

“मग बोलला का नाहीस?”

“कुणाला? वहिनींना? त्यांनी स्वतः येऊन माझी माफी मागितली, पोरगी त्यांनी पाठवली होती म्हणून. तेव्हा सांगू?” त्यानं शेजारचा टॉवेल ओढून घेतला. “मला तुम्हाला मारावंसं वाटत होतं, दादा. जिन्यात थांबलो होतो एकदा. तुम्ही डबे पोचवून वर आलात, दम लागला होता तुम्हाला, गुडघा धरून उभे राहिलात. मग परत वर गेलो.”

“मला माहीत नव्हतं बोराम आत आहे ते.”

“म्हणजे दुसऱ्या कुणाची असती तर चाललं असतं.”

शेजारच्या ट्रेडमिलवर एक बाई ठपाठप चालत होती आणि त्यांच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती. दोकसू उठून बसला, टॉवेलनं बाक पुसला, दांड्यावर जंतुनाशक मारलं, अगदी नियमाप्रमाणे, आणि गेला. पैसे त्यानं परत घेतले नाहीत. आणि तो पुन्हा आलाही नाही.

दहा दिवसांनी वर्ग उघडला, पण मुलं चारच आली, पुढं तीन. पावलांचा आवाज आता इतका विरळ होता की जेगुनला एकेक मूल वेगळं ऐकू यायचं. फेब्रुवारीच्या शेवटी दोकसूनं जागा सोडली. दक्षिणेकडे, गावी, भावाचं संत्र्यांचं गोदाम होतं, तिथं जाणार म्हणाला. ट्रक आला त्या सकाळी जेगुन कुणी न बोलावता वर गेला आणि गादीचं एक टोक उचललं. दोकसूनं दुसरं उचललं. लिफ्ट नव्हती. वळणावर जड टोक खाली कुणी धरायचं हे न बोलता ठरलं. सबंध वेळ दोघं फक्त “डावीकडे”, “थांब”, “आता सोड” एवढंच बोलले, आणि जेगुनला एकदा वाटून गेलं की हा शब्द मापून बोलणारा दोकसू आधीच्या गोड बोलणाऱ्या दोकसूपेक्षा आपला जास्त आहे. आणि लगेच दुसरं वाटलं, की तो मोकळा होऊन चाललाय, झाडं आणि समुद्र असलेल्या ठिकाणी, आणि मागं राहिलोय तो मी. तेव्हासुद्धा. ट्रकशी पोचेपर्यंत ते गेलं नाही.

काकूंनी डबाभर कोंबडी गाडीत ठेवली. बोराम वर्गाचे पांढरे कपडे घालून फूटपाथवर उभी होती. थंडी होती तरी तिनं वरून काही घालू दिलं नाही. टाचा जोडून, हात मांड्यांशी ठेवून, ती कमरेत पूर्ण वाकली. दोकसूनं हातातली दोरी खाली ठेवली आणि तोही तितकाच पूर्ण वाकला, जसं एखाद्या मोठ्या माणसापुढं वाकतात. तो पोरीला काही म्हणाला नाही. जेगुनला फक्त म्हणाला, “येतो, दादा.”

त्या संध्याकाळी मिरान अजून कामावरून यायची होती. जेगुननं जिम लवकर बंद केली आणि घरी येऊन नूडल्स उकळल्या, वर अंडं फोडलं. बोरामनं अजून कपडे बदलले नव्हते. ती वाफेकडे बघत होती.

“बाबा, तो फोटो कुणी पाठवला असेल?”

ती त्याला विचारत नव्हती खरं तर. असंच, हवेत विचारत होती. नाही म्हणावंही लागलं नसतं. गप्प बसलं असतं तरी भागलं असतं.

“मी,” जेगुन म्हणाला.

तिनं वर बघितलं. “बुटांचा फोटो. आमच्या वर्गाच्या.”

“हो. तोच.”

“सरांना माहीत आहे?”

“आहे.”

“आईला?”

“नाही.”

नूडल्स फुगत होत्या. बोरामनं वाटी थोडी पुढं सरकवली. ती रडेल असं त्याला वाटलं होतं, किंवा उठून खोलीत जाईल. ती विचार करत होती. भुवया जवळ घेऊन, एखादं गणित पाटीवर नसून तिच्या आत कुठंतरी असल्यासारखी.

“आमच्याकडे कुणी चुगली केली ना,” ती शेवटी म्हणाली, “की सर त्याला भिंतीकडे तोंड करून उभं करायचे. हात वर. कानाला चिकटून.”

“किती वेळ?”

“सर पुरे म्हणतील तोवर.”

“सर तर गेले.”

“मग मी म्हणीन.”

जेगुन उठला. भिंतीवर दिनदर्शिका होती, तिच्या बाजूला मोकळी जागा होती. तिथं नाक लावून तो उभा राहिला आणि हात वर केले. बोटं जवळजवळ छताला लागली. आधी काहीच झालं नाही. रिकामे हात, त्यात वजन ते काय असणार. मग खांद्यांत एक मुंगी चालायला लागली, मग पुष्कळ, मग हात हात राहिले नाहीत, कुणीतरी वरून टांगलेल्या दोन जड वस्तू झाल्या. भिंतीच्या कागदावर फिकट पानांची नक्षी होती, इतक्या वर्षांत न पाहिलेली. अशी उभी राहिलेली पोरं मागं वळली की रांगेत परत जायची असतील, त्याच्या मनात आलं, शेजारचा जरा सरकून जागा देत असेल, आणि मग पुढचा आकडा. आणि त्या पोरांचा त्याला हेवा वाटला. पण हा हेवा निराळा होता. याला कुणाचं काही काढून घ्यायचं नव्हतं. घाम कपाळावरून डोळ्यांत उतरला.

दार वाजलं. मिरान आत आली, वाकून बूट काढले, आणि मग तिला ते दिसलं: टेबलाशी पांढऱ्या कपड्यांत ताठ बसलेली मुलगी, दोन भरलेल्या वाट्या, आणि भिंतीशी हात वर करून थरथरणारा तो अवाढव्य माणूस.

“हे काय चाललंय?”

“बाबांचं अजून झालं नाही,” बोराम म्हणाली.

“कसलं झालं नाही?”

जेगुननं श्वास घेतला. भिंतीला तोंड असल्यामुळे त्याचा आवाज त्यालाच परत येत होता.

“मिरान,” तो म्हणाला, “तुला एक सांगायचंय,” आणि वळण्यासाठी हात खाली आणायला लागला.

“हात खाली नको,” बोराम म्हणाली. “हात वर ठेवूनच सांग.”